स्क्रीन बंद झाल्यावर येणारे उत्तर: ‘सेटस्टेट आफ्टर डिस्पोज’ या क्रॅशचे निवारण

फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनसंचात लिहिलेल्या ॲपच्या लॉगमध्ये ‘सेटस्टेट कॉल्ड आफ्टर डिस्पोज’ (म्हणजे स्क्रीन नष्ट, अर्थात डिस्पोज, झाल्यावर ती पुन्हा रेखाटण्याची आज्ञा दिली गेली) अशी ओळ दिसली की त्यावर बहुतेक ठिकाणी एकच उपाय सांगितला जातो: स्क्रीन माउंटेड, म्हणजे अजून ॲपला जोडलेली, आहे की नाही ते तपासा आणि नसेल तर तिथूनच परत फिरा. हा उपाय चुकीचा नाही, आणि तो केल्यावर क्रॅश खरोखरच थांबतो. पण काही दिवसांनी त्याच स्क्रीनविषयी निराळ्याच तक्रारी येऊ लागतात. नोंद केली तरी ती यादीत दिसत नाही, मागे गेले की एकाऐवजी दोन स्क्रीन मागे जाते, उद्याची तारीख निवडली तरी आजचीच माहिती दिसते, अशा त्या तक्रारी असतात. त्या वरवर वेगळ्या दिसल्या तरी क्रॅशच्याच मुळातून आलेल्या असतात, म्हणून येथे त्या सर्वांचा विचार एकत्र केला आहे.

उदाहरणासाठी पुण्यातील खानावळीचे एक साधे ॲप डोळ्यांसमोर ठेवू. सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागांत खोली घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी त्याचे वापरकर्ते आहेत. पहिल्या स्क्रीनवर महिन्याच्या डब्यांची यादी आहे. तारखेवर बोट ठेवले की दुसरी स्क्रीन उघडते. तिथे त्या दिवसाची भाजी-आमटी सर्व्हरवरून येते आणि खाली ‘खाडा नोंदवा’ असे बटण असते. सकाळी नऊच्या आत खाडा नोंदवला तर त्या दिवसाचे पैसे महिन्याच्या हिशेबातून वजा होतात. विद्यार्थी बटण दाबतो, गोल फिरणारे चक्र पाहतो, कंटाळतो आणि मागे जातो. पुढे वर्णन केलेले सर्व बिघाड या एवढ्याशा कृतीतून निर्माण होतात.

लक्षण ओळखताना

डीबग बिल्डमध्ये, म्हणजे विकासकाच्या चाचणीच्या आवृत्तीत, संदेश अगदी स्पष्ट असतो. स्क्रीनची स्थिती सांभाळणाऱ्या स्टेट क्लासचे नाव येते आणि त्यापुढे कंसात ‘लाइफसायकल स्टेट: डिफंक्ट, नॉट माउंटेड’ असे लिहिलेले असते. मात्र हा संदेश असर्टमधून, म्हणजे केवळ डीबगमध्ये चालणाऱ्या तपासणीतून, येतो, आणि रिलीज बिल्डमध्ये असर्ट काढून टाकलेले असल्यामुळे वापरकर्त्यांच्या फोनवरून आलेल्या क्रॅश-अहवालात तो शोधूनही सापडत नाही. तिथे त्याच घटनेचे नाव ‘नल चेक ऑपरेटर यूज्ड ऑन अ नल व्हॅल्यू’ असे असते. सेटस्टेटची शेवटची पायरी आपल्या एलिमेंटला (विजेटच्या झाडातील तिच्या जागेला) पुन्हा बिल्ड करण्याची खूण करणे ही असते. स्क्रीन नष्ट होताना स्टेटकडील एलिमेंटचा संदर्भ नल केला जातो, आणि तो नल नाही असे गृहीत धरून केलेली ही शेवटची पायरी कोसळते. हे ठाऊक नसेल तर लोक सर्व्हरकडून आलेल्या माहितीत कुठले क्षेत्र रिकामे आहे ते शोधत बसतात. स्टॅकच्या (त्रुटीपर्यंत नेणाऱ्या कॉलच्या यादीच्या) वरच्या दोन-तीन ओळींत सेटस्टेटचे नाव आहे का, एवढे आधी पाहावे. कोडमधील नावे दडवून बिल्ड केले असेल तर सिम्बॉल फाइल वापरून स्टॅक वाचण्याजोगा करून घ्यावा.

येथे आणखी एक बारकावा आहे. डीबगमध्ये असर्ट आधी तपासले जाते, त्यामुळे सेटस्टेटला दिलेले फंक्शन चालतच नाही. रिलीजमध्ये मात्र ते फंक्शन आधी चालते आणि त्यानंतर क्रॅश होतो. म्हणजे त्या फंक्शनमध्ये एखाद्या सामायिक यादीत भर घालण्याचे काम लिहिले असेल, तर ते रिलीजमध्ये होऊन गेलेले असते आणि डीबगमध्ये झालेले नसते. सेटस्टेटच्या आत फक्त त्या स्क्रीनच्या स्वतःच्या चलांना मूल्य द्यावे, बाकीचे सारे काम बाहेर करावे, हा नियम यासाठीच पाळावा.

बिघाड हमखास घडवून आणणे

कार्यालयातील वाय-फायवर उत्तर इतके लवकर येते की मागे जाण्यापूर्वीच काम उरकलेले असते, आणि मग ‘आमच्याकडे होत नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद केली जाते. वापरकर्ता मात्र जाड भिंतींच्या वाड्यातील मागच्या खोलीत असतो किंवा मेट्रोने शिवाजीनगरहून स्वारगेटकडे भुयारातून जात असतो. त्यामुळे ही परिस्थिती मुद्दाम निर्माण करावी लागते. विनंती पाठवणाऱ्या मेथडमध्ये, केवळ डीबगपुरता, पाच सेकंदांचा विलंब घालावा, बटण दाबावे, लगेच मागे जावे आणि थांबावे. एवढ्याने पहिला प्रकार दिसेल. दुसऱ्या प्रकारासाठी फ्लटरच्या इन्स्पेक्टरमधील ‘स्लो ॲनिमेशन्स’ हा पर्याय चालू करावा आणि उत्तर येण्याच्या बेतात असताना मागे जावे. याचे कारण पुढे येईल. हा दुसरा प्रयोग सहसा कोणी करत नाही, आणि म्हणूनच त्यातले बिघाड सर्वांत उशिरा सापडतात.

विलंबाबरोबर अपयशाचीही परीक्षा घ्यावी. यशस्वी उत्तर बऱ्याचदा सेकंदाच्या आत येते, पण नेटवर्क नसताना टाइमआउट होण्यास दहा, वीस, तीस सेकंद लागतात. तेवढा वेळ त्या स्क्रीनवर कोणी थांबत नाही. साहजिकच यशाच्या वाटेपेक्षा कॅचच्या, म्हणजे त्रुटी हाताळण्याच्या, वाटेवर स्क्रीन बंद झालेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि तपासणी मात्र यशाच्याच वाटेवर लिहिलेली आढळते.

असे का होते

फ्लटरची भाषा असलेल्या डार्टमधील फ्यूचर, म्हणजे नंतर उत्तर देणारे काम, सुरू केल्यावर बाहेरून थांबवता येत नाही. अवेटपाशी, म्हणजे त्या उत्तराची वाट पाहण्याच्या जागी, आपली मेथड थांबते आणि नियंत्रण इव्हेंट लूपकडे जाते. त्या दरम्यान स्पर्श, ॲनिमेशन, दुसऱ्या स्क्रीन, सगळे चालू राहते. उत्तर आले की मेथड जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालते, आणि मधल्या काळात तिच्या भोवतालचे जग बदलले का याची चौकशी ती स्वतःहून करत नाही. स्टेट ऑब्जेक्ट डिस्पोज झाला तरी तो मेमरीतून नाहीसा होतोच असे नाही, कारण अर्धवट थांबलेली मेथड त्याला धरून असते. खोली सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावाने येणाऱ्या पत्रासारखे हे उत्तर जुन्या पत्त्यावर बिनचूक पोहोचते.

विनंतीचे आयुष्य आणि स्क्रीनचे आयुष्य यांना बांधणारे काहीही मुळात नसते. ते बंधन आपण घालायचे असते, आणि प्रत्येक विनंतीसाठी ते एकाच प्रकारचे असून चालत नाही.

तपासणी कुठे आणि कशी लिहावी

प्रत्येक अवेटनंतर, स्टेटला किंवा कॉन्टेक्स्टला (विजेटच्या झाडातील जागेच्या संदर्भाला) हात लावण्यापूर्वी, माउंटेड तपासावे. मेथडच्या आरंभी केलेली तपासणी पुढच्या अवेटनंतर शिळी होते. उलट, तपासणी आणि सेटस्टेट यांच्यामध्ये अवेट नसेल तर त्या दोहोंमध्ये दुसरे काही घुसू शकत नाही, कारण एका आयसोलेटमधील (डार्टच्या स्वतंत्र कार्यकक्षेतील) डार्टचे कोड एकाच धाग्यावर चालते. येथे कुलूप वगैरे लावण्याची गरज नाही. माहिती कॅशमधून येत आहे म्हणून तपासणी वगळू नये. आधीच पूर्ण झालेल्या फ्यूचरवर अवेट केले तरी पुढचे कोड त्याच क्षणी चालत नाही.

फायनलीच्या, म्हणजे यश-अपयश काहीही झाले तरी चालणाऱ्या, भागात मात्र विशेष सावध राहावे. चक्र थांबवण्यासाठी तेथे सेटस्टेट लिहिण्याची पद्धत आहे, आणि क्रॅश आल्यावर तिथेही घाईने ‘माउंटेड नसेल तर रिटर्न’ अशी ओळ टाकली जाते. डार्टमध्ये फायनलीतून रिटर्न केले की वर येत असलेले एक्सेप्शन गिळले जाते. त्रुटी कुठेच नोंदली जात नाही, आणि त्या मेथडची वाट पाहणाऱ्या कोडला सर्व काही सुरळीत झाले असे वाटते. फायनलीमध्ये रिटर्न न लिहिता ‘माउंटेड असेल तर सेटस्टेट’ असेच लिहावे. या चुकीसाठी डार्टमध्ये लिंटचा (कोडमधील चुका दाखवणाऱ्या साधनाचा) वेगळा नियम आहे. तो चालू ठेवावा.

कॉन्टेक्स्टसाठीही हेच लागू आहे. बिल्डकॉन्टेक्स्टला स्वतःचा माउंटेड हा गुणधर्म जानेवारी 2023 मध्ये आलेल्या फ्लटर 3.7 पासून मिळाला, त्यामुळे स्टेट नसलेल्या ठिकाणीही तपासणी करता येते. डायलॉगच्या बिल्डरमध्ये मिळालेला कॉन्टेक्स्ट वापरायचा असेल तर त्याच कॉन्टेक्स्टचे माउंटेड पाहावे, बाहेरच्या स्टेटचे नव्हे. स्क्रीन जिवंत आणि डायलॉग बंद, ही स्थिती नेहमीची आहे. अवेटनंतर कॉन्टेक्स्ट वापरल्यास इशारा देणारा लिंटचा नियम उपयोगी आहे, पण तो सेटस्टेटकडे पाहत नाही, हे ध्यानात ठेवावे.

सेटस्टेटच ओव्हरराइड करून त्यात एकदाच माउंटेड तपासावे आणि सर्व स्क्रीनना तो मूळ क्लास द्यावा, असा सल्ला वारंवार दिला जातो. माझ्या मते तो टाळावा. त्याने क्रॅश दिसेनासे होतात, आणि त्यांच्याबरोबर न थांबवलेले टायमर, न सोडलेले स्ट्रीम सबस्क्रिप्शन आणि काढायचे राहून गेलेले लिसनर हेही दिसेनासे होतात. टायमर आणि स्ट्रीम यांना फ्यूचरचे बंधन नाही, ते थांबवता येतात; म्हणून त्यांच्यासाठी माउंटेड तपासणे हा उपायच नव्हे. त्यांना डिस्पोजमध्ये रद्द करावे आणि त्यानंतर शेवटी सुपरचा डिस्पोज बोलवावा. अन्यथा बंद झालेल्या स्क्रीनचा स्टेट मेमरीत अडकून राहतो आणि दर सेकंदाला जागा होऊन काहीच न करता झोपतो.

जाता जाता एक गोष्ट. रिॲक्ट या वेबसाठीच्या लायब्ररीमध्ये अशाच प्रसंगी मिळणारा इशारा 2022 मध्ये आलेल्या 18 व्या आवृत्तीत काढून टाकण्यात आला, कारण तिथे उशिरा आलेले साधे उत्तर बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरत असे आणि इशारा टाळण्यासाठी लिहिलेले कोडच अधिक गुंतागुंतीचे होत असे. तिकडून आलेल्या सहकाऱ्यांनी ती सवय येथे आणू नये. फ्लटरमध्ये हा नुसता इशारा नाही.

माउंटेड असूनही बिघडणारे

मागे गेल्याबरोबर स्क्रीन नष्ट होत नाही. बाहेर पडण्याचे ॲनिमेशन पूर्ण होईपर्यंत ती विजेटच्या झाडात असते आणि माउंटेड खरेच असते. मटेरियलच्या झूम ॲनिमेशनमध्ये हा अवधी 300 मिलिसेकंदांचा आहे. आपल्या उदाहरणात खाडा नोंदवल्यावर स्क्रीन आपोआप बंद व्हावी म्हणून अवेटनंतर नॅव्हिगेटरचा पॉप (सर्वांत वरची स्क्रीन काढण्याची आज्ञा) लिहिला आहे असे समजा. विद्यार्थी स्वतः मागे गेला आणि उत्तर या अवधीत आले, तर तपासणी यशस्वी होते, पॉप चालतो, पण निघून जात असलेली स्क्रीन नॅव्हिगेटरच्या लेखी आधीच गेलेली असल्यामुळे तिच्याखालची यादीची स्क्रीन पॉप होते. ‘दोन स्क्रीन मागे गेले’ ही तक्रार बहुधा येथून येते. यासाठी मोडलरूट (या स्क्रीनची नॅव्हिगेटरमधील नोंद) आधीच हाताशी घेऊन ठेवावा आणि पॉप करण्यापूर्वी तो अजून सर्वांत वर आहे का, म्हणजे त्याचे इजकरंट खरे आहे का, ते पाहावे. वर एखादा डायलॉग उघडा असेल तरीही याचे उत्तर ‘नाही’ असेच येते. तेव्हा काय करायचे ते त्या स्क्रीनपुरते ठरवावे लागेल.

याउलट स्थितीही असते: दुसरी स्क्रीन वर उघडली तरी खालची स्क्रीन माउंटेडच राहते. माउंटेड म्हणजे वापरकर्त्याला दिसत आहे, असा अर्थ घेऊ नये. आणि लांब यादीत वर सरकवलेली ओळ, किंवा बदललेल्या टॅबमधील पान, स्क्रीन बंद न होताही डिस्पोज होऊ शकते. त्यामुळे ‘स्क्रीन तर उघडीच होती’ हे क्रॅश नाकारण्याचे कारण होत नाही.

तिसरा प्रकार क्रमाचा आहे. विद्यार्थ्याने आजची तारीख दाबली, लगेच उद्याची दाबली, आणि उद्याचे उत्तर आधी तर आजचे नंतर आले. स्क्रीन उघडी, माउंटेड खरे, क्रॅश नाही, आणि उद्याच्या तारखेखाली आजची भाजी. नेटवर्क उत्तरांचा क्रम राखण्याची हमी देत नाही. प्रत्येक विनंतीपूर्वी एक क्रमांक वाढवावा, तो स्थानिक चलात जपावा आणि उत्तर आल्यावर तो अजूनही सर्वांत ताजा आहे का ते पाहावे. नसेल तर उत्तर टाकून द्यावे. शोधाच्या चौकटीत अक्षरागणिक विनंती जात असेल तर हे अनिवार्यच आहे. पालक विजेटकडून येणारी तारीख बदलली की डिडअपडेटविजेटमध्येही हाच क्रमांक वाढवावा. जिथे माहिती फक्त वाचून दाखवायची आहे तिथे फ्यूचरबिल्डर वापरल्यास जुने फ्यूचर तो स्वतःच सोडून देतो. मात्र ते फ्यूचर बिल्डमध्ये निर्माण करू नये, नाहीतर प्रत्येक बिल्डबरोबर नवी विनंती जाईल.

उत्तर कोणाचे?

आता सर्वांत महत्त्वाचे. मेनू आणणे आणि खाडा नोंदवणे या दोन्ही विनंत्या कोडमध्ये सारख्या दिसतात, पण स्क्रीन बंद झाल्यावर त्यांचे काय व्हावे याचे उत्तर एकमेकांच्या विरुद्ध आहे. मेनू त्या स्क्रीनसाठीच हवा होता. स्क्रीन गेली की तो निरर्थक आहे. डिओसारखी नेटवर्क लायब्ररी असेल तर कॅन्सलटोकन डिस्पोजमध्ये रद्द करावा, डेटा वाचेल. रद्द केल्यावर त्या विनंतीत एक्सेप्शन येते, तेव्हा कॅचमध्ये ते ओळखून शांतपणे सोडून द्यावे.

खाडा मात्र वापरकर्त्याने दिलेला शब्द आहे. तो स्क्रीनच्या मालकीचा नाही. येथे ‘माउंटेड नसेल तर परत फिरा’ ही ओळ अवेटच्या लगेच खाली लिहिली आणि यादीत खूण करण्याचे काम तिच्याखाली राहिले, की सर्व्हरवर खाडा नोंदला जातो आणि फोनवरील यादीत दिसत नाही. विद्यार्थी पुन्हा बटण दाबतो, किंवा खानावळवाल्या काकूंना फोन करतो. डिस्पोजमध्ये ही विनंती रद्द करणे त्याहून वाईट, कारण फोनने वाट पाहणे थांबवले म्हणून सर्व्हरने काम थांबवले असे होत नाही. खाडा झाला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून बदल घडवणाऱ्या विनंत्या स्क्रीनच्या बाहेर, ॲप असेपर्यंत जगणाऱ्या वस्तूकडे द्याव्यात. तिला रिपॉझिटरी म्हणा किंवा आणखी काही. तिने विनंती पाठवावी, उत्तर आल्यावर आपल्या साठ्यात नोंद करावी आणि ऐकणाऱ्यांना कळवावे. स्क्रीन फक्त ऐकते, आणि डिस्पोजमध्ये ऐकणे थांबवते. यादीची स्क्रीनही त्याच साठ्यावर ऐकत असेल तर दुसरी स्क्रीन असो वा नसो, खूण आपोआप उमटते. हा बदल लगेच करणे शक्य नसेल तर निदान क्रम तरी सुधारावा: आधी साठ्यात नोंद, मग माउंटेडची तपासणी, मग सेटस्टेट. ‘खाडा नोंदवला’ हा संदेशही स्क्रीन गेल्यावर दिसायला हवा. त्यासाठी स्कॅफोल्डमेसेंजर अवेटपूर्वीच चलात घेऊन ठेवावा. तो सहसा संपूर्ण ॲपच्या वरच्या पातळीवर असतो, आणि स्वतः स्टेट असल्यामुळे त्याचेही माउंटेड तपासता येते.

वापरकर्ता पुन्हा बटण दाबणारच, असे धरून प्रत्येक खाड्याला फोनवरच एक स्वतंत्र ओळख-क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनेच उत्तर द्यावे. ऑपरेटिंग सिस्टिमने ॲपच बंद केले तर वरील कोणतीही वस्तू जिवंत राहत नाही. पैशांशी संबंध असलेली नोंद त्यामुळे पाठवण्यापूर्वी फोनच्या साठवणीत लिहावी आणि ॲप पुन्हा उघडल्यावर ती तपासावी.

काम व्ह्यूमॉडेलकडे (स्क्रीनचे तर्क सांभाळणाऱ्या वेगळ्या वस्तूकडे) नेल्याने प्रश्न सुटला असे मात्र समजू नये, कारण तो व्ह्यूमॉडेल स्क्रीनबरोबरच नष्ट होत असेल तर क्रॅशचे फक्त नाव बदलते. त्यासाठीच्या प्रचलित साधनांपैकी चेंजनोटिफायर ‘डिस्पोज झाल्यानंतर वापरला गेला’ असे सांगतो. क्युबिट ‘क्लोजनंतर नवी स्टेट देता येणार नाही’ असे सांगतो, आणि तिथे इजक्लोज्ड तपासावे लागते. रिव्हरपॉडच्या तिसऱ्या आवृत्तीत रेफलाही माउंटेड मिळाले आहे. टेक्स्टएडिटिंगकंट्रोलर हाही चेंजनोटिफायरच असल्याने उशिरा आलेले नाव त्यात भरतानाही हाच प्रकार घडतो.

चाचणी

हा बिघाड पुन्हा शिरू नये म्हणून विजेट टेस्ट लिहिणे सोपे आहे, आणि त्यासाठी खऱ्या नेटवर्कची किंवा विलंबाची गरज नाही. रिपॉझिटरीची नक्कल कम्प्लीटरचे, म्हणजे आपण सांगू तेव्हाच पूर्ण होणारे, फ्यूचर परत देईल अशी करावी. स्क्रीन पंप करावी (चाचणीत रेखाटावी), बटण दाबावे, मग स्क्रीनच्या जागी रिकामे विजेट पंप करावे म्हणजे डिस्पोज होईल, आणि त्यानंतरच कम्प्लीटर पूर्ण करावा. आणखी एकदा पंप करून टेस्टरच्या टेकएक्सेप्शनमधून नल येते का ते पाहावे. हीच चाचणी कम्प्लीटरला त्रुटी देऊन पुन्हा चालवावी. खाड्यासाठी याशिवाय साठ्यात नोंद झाली आहे याची खात्री करावी, कारण एक्सेप्शन न येणे एवढेच तपासले तर नोंद हरवणारे कोडही त्या चाचणीतून बिनदिक्कत पार होते. दोन स्क्रीन मागे जाण्याच्या बिघाडासाठी रिकामे विजेट पुरत नाही. तिथे खरा नॅव्हिगेटर ठेवून पॉप करावे, 100 मिलिसेकंदांपुरते पंप करून ॲनिमेशन अर्ध्यावर असतानाच कम्प्लीटर पूर्ण करावा, आणि सर्व ॲनिमेशन संपल्यावर यादीची स्क्रीन अजून जागेवर आहे का ते पाहावे.